मदत हवी आहे: कामाची वही लिहितेय, पण फरक पडत नाही

नमस्कार मंडळी. बँकेत काउंटरवर १४ वर्षं झाली. नोव्हेंबरात पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी होती. एका आजींचा अंगठा मशीनवर उमटेना, बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मी खेकसले, "नीट पुसून लावा ना!" त्या पदराने बोट पुसतच राहिल्या. जीवन प्रमाणमध्ये (म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्यात) चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, हे मला ठाऊक होतं. तरी सुचलं नाही.

तेव्हापासून रोज रात्री वहीत लिहिते, आज कुठे चिडले, कशामुळे. बहुतेकदा जेवायची सुट्टी हुकलेली असते, हे त्यातूनच कळलं. पण महिनाभरात वहीत नुसत्या चुकाच साठल्यात. वाचून सकाळी कामावर जाताना पाय जड होतात. असं कुणी लिहितं का? दुसऱ्या दिवशी वागणं बदलेल असं नेमकं काय लिहिता?