एकाच घोडीवर लाइनब्रीडिंग: पेडिग्रीत नताल्मा तीनदा येते, त्याला किती महत्त्व द्यायचं?

हडपसरकर
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र मिळून रेसच्या एका फिलीत (तरुण घोडीत) हिस्सा घ्यायचं बघतोय, बाप मल्टीडायमेन्शनल आणि आजीचा म्हणजे आईच्या आईचा बाप रझीन. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, पुण्याचा सीझन गेली कित्येक वर्षं चुकवलेला नाही त्यांनी, त्यांनी पेडिग्रीचा म्हणजे वंशावळीचा कागद बघितला आणि लगेच म्हणाले की ही घोडीवर लाइनब्रीड आहे, म्हणजे एकच घोडी बापाकडून आणि आईकडून दोन्हीकडून पूर्वज म्हणून येते, सोडू नका. मी घरी येऊन पाच पिढ्यांचा तक्ता मांडला तर पाचव्या रांगेत नताल्मा ही घोडी तीनदा सापडली, दोनदा बापाकडून आणि एकदा आईकडून. स्टॅलियनचं म्हणजे ब्रीडिंगच्या घोड्याचं नाव दोनदा येणं तर सगळीकडेच दिसतं मग घोडीचं नाव आलं तर त्यात एवढं काय वेगळं? आणि तीनदा आली म्हणजे तिप्पट चांगलं असं काही असतं का? मला घोडे बघायला मनापासून आवडतात पण हे गणित नवीन आहे, जरा सविस्तर सांगा.

मोतद्दार
प्रश्न छान विचारलास. आधी घोडीचं वेगळेपण सांगतो. स्टॅलियनची एका सीझनमध्ये शंभर पिल्लं होऊ शकतात, घोडीला वर्षाला एकच शिंगरू, आयुष्यात दहा-बारा झाली तरी खूप. त्यामुळे एखादी घोडी दोन वेगवेगळ्या मुलांमार्फत पेडिग्रीत परत यायची असेल तर त्या मूठभर पिल्लांतली निदान दोन तरी अशी निघावी लागतात की पुढे लोकांनी त्यांच्यावर ब्रीडिंग केलं. म्हणजे नाव दोनदा येणं हाच त्या घोडीचा दाखला असतो. अमेरिकेत लिऑन रासमुसेन म्हणून पेडिग्रीवर कॉलम लिहिणारे होते, त्यांच्या नावावरून याला रासमुसेन फॅक्टर म्हणतात. अट अशी की पाच पिढ्यांच्या आत यायला हवी आणि वेगवेगळ्या मुलांमार्फत यायला हवी. ही दुसरी अट लोक विसरतात, आणि तुझं उत्तर तिथेच आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण तुझ्याच कागदावर आहे बघ, डेनहिल. त्याचा बाप डान्झिग, डान्झिगचा बाप नॉर्दर्न डान्सर, आणि त्याची आई नताल्मा. आता डेनहिलची आई राझ्याना, तिची आई स्प्रिंग अद्यू, आणि तिची आई परत नताल्मा. तीन बाय तीन, म्हणजे बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडूनही तिसऱ्या, एकीकडे मुलगा आणि दुसरीकडे मुलगी. असं जवळचं ब्रीडिंग करायला धाडस लागतं आणि त्यातून आलेल्या घोड्याने ऑस्ट्रेलिया आणि युरोप दोन्हीकडे ठसा उमटवला.

आता तुझी फिली. मल्टीडायमेन्शनल डेनहिलचा मुलगा, म्हणून बापाकडून नताल्मा दोनदा, एकदा नॉर्दर्न डान्सरमार्फत, एकदा स्प्रिंग अद्यूमार्फत. आईकडून रझीन, तो थेट नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. म्हणजे बापाकडचा नॉर्दर्न डान्सर आणि आईकडचा नॉर्दर्न डान्सर ही जोडी लावलीस तर ती घोडीवरची लाइन नाहीच, ती स्टॅलियनची पुनरावृत्ती, चार बाय चार, नताल्मा नुसती त्याच्या मागे उभी आहे. नवीन जे आहे ते एवढंच की बापाकडून मुलगी स्प्रिंग अद्यू आणि आईकडून मुलगा नॉर्दर्न डान्सर. तेवढं धरायचं, पाच बाय पाच. फॅक्टर बसतो, पण अगदी काठावर. तिप्पट वगैरे नाही.

आजोळ
मोतद्दार दादांनी छान सोडवून सांगितलंय. मला नेहमी वाटतं की पेडिग्री आपण मराठी माणसांनी नात्यांच्या शब्दांत वाचावी, पटकन कळते, कारण इंग्रजीत सगळे कझिन आणि आपल्याकडे मामा वेगळा मावशी वेगळी. नताल्माची आई अल्महमूद, १९४७ ची. तिची दुसरी मुलगी कॉस्मा, आणि कॉस्माचा मुलगा हेलो. म्हणजे नॉर्दर्न डान्सर आणि हेलो मावसभाऊ झाले! हेलोचा मुलगा संडे सायलेन्स जपानला गेला, तिथे त्याला नॉर्दर्न डान्सरच्या रक्ताच्या घोड्या दाखवल्या की अल्महमूद आपोआप दोन्हीकडून यायची. डीप इम्पॅक्टच्या तक्त्यात बघा, बापाकडून चौथ्या पिढीत, आईकडून सहाव्या.

आणि माझा सगळ्यात आवडता घोडा एल कोन्दोर पासा, १९९८ चा जपान कप जिंकला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला आर्क या मोठ्या रेसमध्ये माँझूच्या मागे दुसरा आला. त्याच्या पेडिग्रीत स्पेशल नावाची घोडी चार बाय चार आहे, एकीकडून तिचा मुलगा नुरेयेव्ह आणि दुसरीकडून तिची मुलगी फेअरी ब्रिज जी सॅडलर्स वेल्सची आई. म्हणजे नुरेयेव्ह हा सॅडलर्स वेल्सचा मामा, आणि दोघांचा बाप एकच नॉर्दर्न डान्सर म्हणून भाऊसुद्धा. एवढ्यावर संपत नाही, एल कोन्दोर पासाच्या आईची आजी लिसाडेल ही स्पेशलची सख्खी बहीण. तो तक्ता मी पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला झोप नव्हती लागली, कुणीतरी किती विचार करून हे जुळवलंय. आणि स्पेशल स्वतः एकही रेस जिंकलेली नाही. ला त्रॉयेन नावाची घोडी पण तशीच, सात वेळा पळाली, एकदाही जिंकली नाही आणि आज अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या घोड्यांचं आजोळ तिच्याकडे जातं.

अजून एक, अल्महमूदचा बाप महमूद, १९३६ चा इंग्लंडच्या डर्बीचा विजेता, आणि महमूदची आजी मुमताज महल. पुण्यात ज्यांच्या नावाचा पॅलेस आहे त्या आगाखानांची ती करडी फिली, १९२२ मध्ये डॉनकास्टरच्या सेलमध्ये ९,१०० गिनींना घेतलेली. म्हणजे हडपसरकर, तुमच्या फिलीच्या कागदावर नताल्माच्या मागे चार पायऱ्या गेलात की तिथे मुमताज महल आहे.

गुरांचा डॉक्टर
मला ही पेडिग्री वाचायला तुमच्याइतकीच आवडते पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२० मध्ये जगभरातल्या दहा हजारांहून जास्त थरोब्रेड्सचा (रेसच्या घोड्यांची जात) जनुकीय अभ्यास छापून आला, त्यात ९७ टक्के पेडिग्रींमध्ये नॉर्दर्न डान्सर होता. नॉर्दर्न डान्सर आहे म्हणजे नताल्मा आहेच. मग जिंकलेल्या घोड्याचा कागद काढून बघा बघा नताल्मा आहे म्हणण्याला काय अर्थ, हरलेल्या घोड्यातही तीच आहे. जिंकणारे आणि हरणारे दोन्ही मोजले तरच काही म्हणता येईल.

दुसरं, मोठं हृदय घोडीच्या एक्स क्रोमोझोममधून उतरतं ही थिअरी कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच म्हणून आधीच सांगतो. बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. डेनहिल ते मल्टीडायमेन्शनल बापाकडून मुलाकडे, तिथे साखळी तुटली. नॉर्दर्न डान्सर ते रझीन, तिथेही तुटली. आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग) फक्त आईकडून येतात, डेनहिलकडे नताल्माचे होते कारण राझ्याना, स्प्रिंग अद्यू, नताल्मा अशी सरळ आईची ओळ आहे, पण मल्टीडायमेन्शनलकडे त्याच्या आईचे आले. म्हणजे या तिन्ही वाटांनी नताल्माचा एक्सही या फिलीत नाही आणि मायटोकॉन्ड्रियाही नाहीत. राहिले बाकीचे क्रोमोझोम, आणि तिथे घोडी काय स्टॅलियन काय, हिशोब एकच. इनब्रीडिंग मोजायच्या राइटच्या सूत्राने डेनहिलमध्ये नताल्मामुळे साधारण ३.१ टक्के इनब्रीडिंग येतं, तुमच्या फिलीत स्प्रिंग अद्यूच्या वाटेने येतं ते ०.२ टक्के. नुकसान होण्याइतकं नाही आणि फायदा मोजण्याइतकंही नाही. पण सगळीकडून मिळून इनब्रीडिंग फार वाढलं तर घोडा रेसपर्यंत पोचण्याची शक्यताच कमी होते हे अभ्यासात दिसलंय, म्हणून एक नाव बघून खुश होऊ नका, पूर्ण तक्ता बघा.

हडपसरकर
खूप खूप आभार सगळ्यांचे, काल रात्री परत तक्ता घेऊन बसलो आणि यावेळी प्रत्येक नताल्माच्या खाली ती कुणामार्फत आली ते पेन्सिलने लिहिलं, तेव्हा डोक्यात शिरलं. काकांनाही दाखवलं, ते स्प्रिंग अद्यूवर बराच वेळ बोट ठेवून बसले होते. आता अजून एक, फिलीची स्वतःची आई सहा वेळा पळून दोनदा जिंकलीये, आणि तिचं आधीचं एक शिंगरू जिंकलंय. याला जास्त वजन द्यायचं ना?

मोतद्दार
हो, कितीतरी जास्त. पाचव्या पिढीतल्या घोडीपेक्षा पहिल्या पिढीतली घोडी बघ, तिचं निम्मं रक्त आहे फिलीत. आईला प्रत्यक्ष बघता आलं तर बघून ये, गुडघे कसे आहेत, चालते कशी. नताल्माचाही गुडघाच दुखावला होता १९६० मध्ये, केंटकी ओक्स या रेसच्या तोंडावर, म्हणून तिला सीझन संपता संपता निआर्क्टिक या स्टॅलियनकडे पाठवली आणि पहिलंच शिंगरू नॉर्दर्न डान्सर झालं. आणि सही करायच्या आधी फिलीच्या पायांचे एक्सरे आपल्या डॉक्टरकडून करून घ्या, विकणाऱ्याने दाखवलेल्यावर थांबू नका.