फायटरला बरणी पुरते म्हणणाऱ्यांनो

स्पंजवाला, लातूर
काल इथं एकानं टाकलं: "पहिल्यांदाच मासे पाळताय? फायटर घ्या. दोन लिटरची बरणी, रंगीत खडे, झालं काम. फिल्टर लागत नाही, तो डबक्यातलाच मासा." खाली सगळे वा वा करायलेत. रात्रभर डोक्यात हेच, म्हणून लिहायलोय.

ते डबकं म्हणजे थायलंडकडची भातखाचरं. पाणी गुडघाभर, पण पसरलंय केवढं! गवत, कुजकी पानं, किडे. पाणी आटतं तेव्हा हा तग धरतो, कारण कल्ल्यांशिवाय त्याला आणखी एक अवयव आहे. वर येऊन हवेचा घोट घेतो. दुष्काळात आपणही तग धरला, म्हणून कुणी जन्मभर टँकरवर ठेवलं तर चालेल का?

बरणीत तो गुदमरत नाही, स्वतःच्या घाणीनं मरतो. विष्ठा आणि उरलेले दाणे यांचा अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणून २० लिटरची टाकी घ्या, एअरपंपावरचा स्पंज फिल्टर लावा, मासा न सोडता रोज चिमूटभर दाणे टाकत चालू ठेवा. पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनिया आधी चढून मग शून्यावर आला, नायट्राइटही गेलं, की मासा आणा.

बरणी झिंदाबाद
पोस्ट माझीच होती, नाव घ्यायला लाजलात काय? माझा फायटर सव्वा वर्षाचा झालाय बरणीत. रोज वर फेसाचं घरटं करतो, म्हणजे खूश आहे. आणि सहा आठवडे रिकामी पेटी बघत बस म्हणून माझ्या पोरीला तुम्हीच येऊन सांगा. २० लिटर म्हणे! राहता कुठं? आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.

स्पंजवाला, लातूर
हिशोबच करू मग. बरणीचं पाणी एक दिवसाआड पूर्ण बदलावं लागतं, आठवड्याला सात लिटर. २० लिटरच्या टाकीत आठवड्याला पाव भाग बदलला तर पाच लिटर. पाणी कुणाचं वाचलं? आणि घरटं नर करतोच, पिल्लांसाठी. तो खुशीचा दाखला नाही.

बरणी झिंदाबाद
उन्हाळ्यात पंख्याखाली टाकीतलं उडून जातं ते कोण मोजणार? तुम्ही स्वतःला मत्स्यखातं समजता का?

परभणीची थंडी
उडालेलं पाणी बोअरनं भरत राहिलात तर क्षार टाकीतच साचत जातात, तो मुद्दा दोघंही विसरले. आणि हीटर? आमच्याकडं डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो. फायटरला २४ ते २८ अंश लागतं. माझा पहिला रात्री थंडीनं तळाला आडवा झाला. सकाळी बघतो तर पंख घडी घातल्यासारखे मिटलेले, रंग राखेसारखा. दुकानदारानं हीटरचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

जारवाला
बोअरचा प्रश्नच कशाला? मी सरळ आरओचं पाणी घालतो. स्वच्छ.

स्पंजवाला, लातूर
निव्वळ आरओ नको हो. त्यात क्षारच उरत नाहीत, पीएच कधीही घसरतो. बोअर आणि आरओ निम्मं निम्मं करा.

काटकसर
मी तर आरओच्या पाइपातून वाया जातं तेच टाकीत घालते. एका लिटरमागं दोन-तीन लिटर मोरीत सोडताना जीव जळतो.

जारवाला
ताई, त्या पाण्यात बोअरचे क्षार आणखी दाट झालेले असतात. मासा पाळताय की मिठागर?

काटकसर
मग टाकून देऊ? तुमच्या जार भरणाऱ्या प्लँटवाल्यानं रोज किती पाणी गटारात सोडलं ते विचारा आधी. आमच्या गल्लीतल्या प्लँटच्या मागची नाली भर उन्हाळ्यात वाहते, आणि शेजारचे हातपंप कोरडे! मला हिशोब शिकवू नका.

जारवाला
प्लँट माझा आहे का? मी गिऱ्हाईक आहे.

दुसरा मजला
भांडा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्या घरी गप्पींची टाकी होती. आजीनं एका दुपारी काही न बोलता टाकीतलं निम्मं पाणी बादलीत काढलं आणि जास्वंदीला घातलं. मी भांडलो. ती म्हणाली, "माशांना अर्धं, झाडाला अर्धं. तुला अंघोळ नाही." मासे जगले, जास्वंदही. तेव्हापासून टाकीतलं काढलेलं पाणी मी कुंड्यांनाच घालतो, नायट्रेटवर झाड चांगलं येतं. वाया जातं असं म्हणणाऱ्यानं माझी तुळस बघावी.

काटकसर
हे पटलं. जारवाल्यांचं नाही. वाया जाणारं पाणी आता फरशीला वापरते, टाकीला नाही. झालं समाधान?

बरणी झिंदाबाद
सगळे पाण्यात पोहून आलात, माझ्या पोरीचं राहिलंच. ठीक आहे, सात आणि पाचचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. बरोबर निघाला, दुर्दैवानं. पण सहा आठवडे थांबणार नाही म्हणजे नाही. आणि लाइट गेली की तुमचा पंप बंद, मग काय?

स्पंजवाला, लातूर
लाइट गेल्यानं मासा मरत नाही, तो वरची हवा घेतो. फार तास गेली तर स्पंजातल्या जिवाणूंचे हाल होतात, एवढंच. थांबायचं नसेल तर एक उपाय आहे. माझा चालू फिल्टरमधला जुना स्पंज देतो, तुमच्या टाकीत लावा. जिवाणू आयते मिळतात, आठवडे वाचतात. पण अमोनिया रोज तपासायचा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात तो धुऊ नका, सगळे मरतील. येताना डबा आणा, ओलाच न्यावा लागेल.

बरणी झिंदाबाद
रविवारी येतो. बरणी मात्र फेकणार नाही.

परभणीची थंडी
आणि हीटर?