मदत हवी आहे : ही बग्गी व्हिक्टोरिया की लँडो? आणि चाक कसं काढू?

सोलापुरात आमच्या वाड्याच्या पडवीत पणजोबांच्या वेळची चारचाकी बग्गी आहे. घरात सगळे तिला व्हिक्टोरिया म्हणतात, पण व्हिक्टोरियाला दारं नसतात. हिला दोन्ही बाजूंना बुटकी दारं आहेत, आत समोरासमोर दोन पूर्ण बाकं. चामड्याचा घडीचा टप फक्त मागे. परवा पुढच्या बाकाची पाठ पुसताना वरच्या पट्टीत बारीक खिळ्यांच्या भोकांची ओळ दिसली आणि दोन्ही टोकांना कापलेल्या बिजागऱ्यांचे तुकडे. म्हणजे पुढेही टप होता का, वर केल्यावर मधोमध जुळणारा, लँडोसारखा? की बारूशसारखा मागचा एकच, आणि भोकं नुसत्या गादीची?

बनवणाऱ्याची पाटी नाही, जुना फोटोही नाही. एका सुताराला दाखवली तर म्हणे, "रंग मारून देतो, लग्नाला लावा!" रंग मारायचा नाही, विकायचीही नाही.

खरी घाई चाकांची आहे. इथल्या उन्हाने लाकूड आटलंय, मागच्या डाव्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) हाताने सरकते. आरे शाबूत आहेत. लोहार धाव तापवून चढवायला तयार आहे, पण चाक निघत नाही. तुंब्याचं (चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्याचं) पितळी टोपण काढलं, आत कॉलिंज पद्धतीचा आस निघाला. त्यात दोन नट, एक उजव्या आट्यांचा, एक डाव्या, एवढं माहीत आहे. चार दिवस रॉकेल सोडलं, पाना लावला; हलत नाही. उलट्या बाजूला जोर लावून आटे घालवायचे नाहीत. डाव्या चाकाचा बाहेरचा नट कुठल्या दिशेला फिरवायचा?