सोयाबीनच्या गाठीतला लाल रंग आणि रक्तातला लाल रंग एकच का?

बांधावरचा (लातूर)
सोयाबीन फुलोऱ्यात आहे. रायझोबियम जिवाणूंची बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला लावतात ती) लागू पडली का बघायला एक झाड उपटलं आणि मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या. आतून लालसर गुलाबी, बोटाला डाग पडला. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो, यातल्याच प्रथिनाचा अमेरिकेत बिनमांसाचा बर्गर करतात. आमचे आजोबा माळकरी. ते म्हणाले, "झाडालाही रक्त असतं म्हणायचं का? मग सोयाबीनच्या वड्या मला चालतात का?" जाणकारांनी सांगावं.

डाळवाली ताई
भाऊ बरोबर सांगतोय. ते लेगहिमोग्लोबिन. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पण ते काम करणारं विकर (एन्झाइम) प्राणवायू लागला की निकामी होतं. जिवाणूंना श्वसनाला मात्र प्राणवायू हवाच. म्हणून झाड हे प्रथिन बनवतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुढे देतं. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन याच घराण्यातली. अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नाही, पण प्रथिनाची घडी तीच आणि आतला लोह धरणारा भाग, हीम, तर हुबेहूब. लाल रंग त्याचाच. मांस शिजताना जी चव-वास येतो त्यात या हीमचा मोठा वाटा. स्टॅनफर्डचे पॅट्रिक ब्राउन यांनी २०११ साली इम्पॉसिबल फूड्स काढली ती हाच धागा धरून. पीक उपटून गाठी गोळा करणं परवडण्यातलं नव्हतं, म्हणून सोयाबीनचं जनुक पिचिया नावाच्या यीस्टमध्ये घातलं. आता हीम टाकीत तयार होतं.

पण वनस्पतीत प्राण्यांसारखी प्रथिनं शोधताना "सारखी" म्हणजे कशात, हे आधी ठरवावं लागतं. मी डाळींतली प्रथिनं वेगळी करण्याचं काम करते, आणि आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण संगणकावर क्रम जुळवून आनंदाने उड्या मारतो. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हअल्ब्युमिन घ्या. त्याचा वनस्पतीतला नातेवाईक सापडतो बार्लीत, प्रोटीन झेड. बिअरचा फेस टिकतो त्यात त्याचाही हात असतो. पण त्याचं ऑम्लेट कोणी करत नाही. ईट जस्ट कंपनीने अंड्याला पर्याय काढला तो मुगापासून! मुगाचं मुख्य प्रथिन ओव्हअल्ब्युमिनच्या भावकीतलंच नाही. तरी तापवलं की अंड्यासारखं घट्ट होतं. नातं जुळलं म्हणून काम जमेलच असं नाही. हीमच्या बाबतीत दोन्ही जमलं, म्हणून त्याचा एवढा गाजावाजा.

शिरीष डोंबिवलीकर
मुगाचं धिरडं आमची आई कायम करते, तेही घट्टच होतं की. त्याला संशोधन कशाला?

डाळवाली ताई
शिरीषदादा, धिरडं धरून ठेवतो त्यातला स्टार्च. घरी करून बघा. मुगाची डाळ भिजवून बारीक वाटा, भरपूर पाणी आणि चिमूटभर सोडा घालून फडक्यातून गाळा. चोथा फडक्यात राहील. गाळलेलं पाणी तासभर न हलवता ठेवा, तळाला पांढरा साका बसेल, तो स्टार्च. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि लिंबू पिळत जा. एका क्षणी पाणी फाटतं आणि बारीक कण खाली बसू लागतात. ते प्रथिन. गाळून घ्या, जरा सोडा घालून आंबटपणा मारा आणि मंद तव्यावर टाका. धिरड्यासारखं कडक न होता लुसलुशीत थरथरतं. डाळीचा कच्चट वास मात्र राहतो. कंपन्यांची खरी डोकेदुखी तीच.

बांधावरचा
भारी! पण आजोबांचं राहिलं.

डाळवाली ताई
वड्या होतात तेल काढलेल्या सोयाबीनच्या पिठाच्या. ते लाल प्रथिन गाठींचं, आणि गाठी तुमच्या रानातच राहतात. त्यामुळे वड्या खुशाल खाऊ द्या. बर्गरमधलं हीमही प्राण्याचं नाही, पण जनुक बदललेल्या यीस्टमधलं आहे. ते चालवायचं का, हे आजोबांनीच ठरवावं.

आणि गाठी आतून लाल म्हणजे नत्राचं काम जोरात चाललंय. मग ते तुमच्या बीजप्रक्रियेमुळे असो की रानात आधीपासून असलेल्या जिवाणूंमुळे. हिरवट किंवा राखाडी निघाल्या तर काळजी. शेजाऱ्याचं बघून युरिया फेकू नका. जास्त नत्र दिला की झाड गाठींवर खर्च करणं कमी करतं.