मदत हवी आहे: माझी ८० ची बोली ८०.५० ने कशी काय हरली?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. ऑनलाइन लिलावात पहिल्यांदाच उतरले होते आणि जे झालं ते अजून डोक्यात बसत नाहीये, कोणी नीट समजावून सांगाल का प्लीज.

बाबांकडे सयाजीराव महाराजांची चांदीची नाणी आहेत, दोन आणे, चार आणे आणि आठ आणे, जुन्या लग्नपत्रिकांच्या कागदात गुंडाळून ठेवलेली. रुपया नाही. तो आजोबांनी अडचणीत सोनाराकडे चांदीच्या भावाने मोडला. बाबा अजूनही ती तीन नाणी टेबलावर ओळीने मांडतात आणि शेवटी एका नाण्याएवढी जागा मोकळी सोडतात. म्हणून महिनाभर शोधत होते तर एका परदेशी साइटवर तो रुपया दिसला, एका बाजूला महाराजांचा चेहरा, दुसरीकडे देवनागरीत एक रुपया आणि संवतातलं साल.

भाव ६१ डॉलर दिसत होता, किमान बोली ६२ लिहिलेली. मी ६२ टाकले, लगेच "तुमच्यावर बोली लागली" आणि भाव ६३. मी ६५ टाकले, भाव ६६. ७० टाकले, ७१. प्रत्येक वेळी एका सेकंदात! मला वाटलं समोर कोणीतरी मोबाइल धरूनच बसलाय. शेवटी एकदम ८० टाकले तर भाव झाला ८०.५०. आता मला कमीत कमी १ डॉलर वाढवायला लावतात आणि समोरच्याला ५० सेंटने पुढे जाऊ देतात, हे कसं? पुढची बोली ८१.५० मागत होते, मी बाबांना विचारायला आतल्या खोलीत गेले आणि येईपर्यंत वेळ संपली. ८०.५० ला गेला. फसवणूक आहे का ही?

प्रतिसाद:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण फसवणूक नाही, आणि तुमच्या आकड्यांवरूनच कळतंय. समोर कोणी बसलेलं नव्हतं. त्या माणसाने आधीच कधीतरी ८०.५० ही आपली कमाल रक्कम भरून ठेवली होती आणि झोपलासुद्धा असेल. साइट ती रक्कम कोणाला दाखवत नाही, त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली लावत जाते. असं समजा, तुम्ही लिलावाला ओळखीचा माणूस पाठवलात आणि खिशात पैसे देऊन सांगितलंत की यापुढे जाऊ नकोस. तो पहिल्याच फटक्यात सगळे पैसे काढत नाही, समोरच्यापेक्षा एक टप्पा वर बोलतो. म्हणून तुमच्या ६२ वर ६३, ६५ वर ६६, ७० वर ७१. तुमच्या ८० वर तो ८१ बोलला असता, पण खिशात होते ८०.५० च. तेवढेच बोलला. नवी बोली लावणाऱ्याला दाखवलेला किमान आकडा गाठावाच लागतो, पण आधीच भरून ठेवलेली कमाल रक्कम पूर्ण टप्प्याने जास्त असायलाच हवी असं नाही, एका सेंटने जास्त असली तरी पुढे राहते.

बिड हिस्टरी उघडून बघा, त्याच्या बोलीची तारीख तुमच्या आधीची दिसेल.

आता खरं सांगायचं तर तुम्ही ८० च्या जागी ८१ टाकले असते तर रुपया तुमचा होता, ८१ लाच. आणि ९० टाकले असते तर ९० द्यावे लागले नसते, ८१.५० ला मिळाला असता, म्हणजे त्याची कमाल अधिक एक टप्पा. हेच बहुतेकांना पटत नाही आणि लोक रुपया रुपया वाढवत बसतात. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये याच प्रकारच्या लिलावावर लिहिलं होतं, जिंकणारा दुसऱ्या नंबरच्या बोलीएवढे पैसे देतो, म्हणून मनातली खरी किंमत सांगण्यात तोटा नाही. १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

टप्पा भावाबरोबर बदलतो. तुमची साइट कुठली ते माहीत नाही, मी ईबेचा सांगतो: २५ ते ९९.९९ डॉलरला १, १०० पासून २४९.९९ पर्यंत २.५०, २५० ला ५, ५०० ला १०. आणि दोघांची कमाल सारखीच निघाली तर आधी भरलेली जिंकते, म्हणून ८०, १०० असे गोल आकडे टाळा, ते सगळेच टाकतात.

प्रतिसाद:
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. फक्त हे सगळीकडे चालतं असं धरू नका. मी बँकेच्या ई-लिलावात गाळा घेतला, तिथे राखीव किंमत आधीच जाहीर असते, वाढीचा टप्पा नोटिशीत ठरलेला असतो, आणि शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे तिथे घाईने शेवटच्या सेकंदाला बोली लावून काही उपयोग नाही. आणि आपल्याकडच्या नाण्यांच्या लिलावात हातोडा पडला त्या भावावर कमिशन आणि जीएसटी वेगळा लागतो, तो धरूनच आकडा ठरवा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार. हिस्टरी बघितली, त्याची बोली दोन दिवस आधीची आहे! म्हणजे मी भांडत होते ते दोन दिवसांपूर्वीच्या आकड्याशी.

दुसरा एक रुपया आलाय, महाराजांच्या गालावर थोडा ओरखडा आहे पण साल स्पष्ट वाचता येतं. भाव ९६, रविवारी रात्री संपतोय. या वेळी आधीच बाबांना विचारून घेतलं, पोस्टेज आणि कस्टमचे वेगळे काढून. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले ११७, त्याच्यावर नाही. मी ११७.३५ टाकणार आहे, वरचे ३५ सेंट माझे. १०० च्या वर टप्पा २.५० चा आहे ना, मग ११७.३५ घेईल की ११७.५० च टाकावे लागतील?

प्रतिसाद:
घेईल ताई. त्या वेळी किमान बोली जी दाखवेल तिच्यापेक्षा कमी नको, बाकी आकडा कुठलाही चालतो, वांधा नाही. एकदाच टाका आणि परत हात लावू नका. सोमवारी इथे कळवा, बाबांनी चौथं नाणं मांडलं की फोटो टाका.