कांगारू कुत्र्याला मुद्दाम पाण्यात नेतो का?

रानभैरी: काल परत तसलाच एक व्हिडिओ बघितला. कांगारू छातीभर पाण्यात उभा, कुत्रा पोहत पोहत त्याच्या अंगावर आला आणि ह्याने दोन्ही पुढच्या पंजांनी त्याचं मुंडकं धरून सरळ पाण्याखाली दाबलं. माझं तर ठाम मत झालंय की हा गडी मुद्दाम कुत्र्याला पाण्यात नेतो. लाल कांगारू तासाला ५०-६० किमी आरामात काढतो, मग पळून जायचं सोडून डबक्याकडे का वळतो? सापळाच आहे हा.

खडूस_काका: सापळा वगैरे काही नाही रे. दम संपला की जनावर अशा जागी जातं जिथे आपले पाय टेकतात आणि मागच्याचे टेकत नाहीत, बास. ताडोबात कोळसुंदे मागे लागले की सांबर पण तळ्यातच घुसतं, त्याला कोणी सापळा म्हणत नाही. आणि पाणी नसेल तर हाच कांगारू झाडाला पाठ लावून लाथा घालतो, तो काय झाडाचा सापळा?

रानभैरी: पण सांबर कुत्र्याचं डोकं धरून दाबत नाही ना काका.

खडूस_काका: हात नाहीत त्याला, म्हणून!!

ॲडलेडकर: दोघंही पाळीव कुत्र्यांचे व्हिडिओ बघून भांडताय. डिंगो, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, वेगळं प्रकरण आहे. तो जेमतेम १५-२० किलोचा आणि मोठा लाल नर ८५ च्या घरात, त्यामुळे अशा नराच्या नादाला एकटा डिंगो सहसा लागत नाही, मोठं जनावर पाडायचं तर तीन-चार जण मिळून येतात, नाहीतर मग पिल्लं आणि माद्या बघतात. मादी जिवाच्या आकांताने पळताना कधीकधी तिची पिशवी सैल पडते आणि मोठं पिल्लू बाहेर पडतं. ते ती मुद्दाम टाकते की आपोआप पडतं, यावर पण तुमच्यासारखेच वाद आहेत. बाकी क्वीन्सलँडपासून दक्षिणेच्या समुद्राकाठच्या नल्लरबोर कड्यांपर्यंत मेंढ्या वाचवायला घातलेलं ५६०० किमीचं डिंगो कुंपण आहे ना, त्याच्या मेंढ्यांच्या बाजूला डिंगो जवळपास संपवलेत आणि तिथे कांगारू इतके माजलेत की गवताचा फरक उपग्रहाच्या फोटोत पण कळतो. माझं मत विचाराल तर ते कुंपण काढायला पाहिजे.

माणदेशी: काढा की, तुमचं काय जातंय. आमच्या मामाकडं मेंढरं हायत. लांडगा वाघरात, म्हंजे मेंढरांच्या जाळीत शिरला की एक खाऊन चार फाडून टाकतो, आणि डिंगोची पण तीच तऱ्हा. त्याला भूक असो नसो, पळणारं मेंढरू दिसलं की चावणार. कांगारू पाण्यात उभा राहील, मेंढरू कुठं राहणार?

ॲडलेडकर: मुद्दा मान्य. पण मग कांगारू कमी करायला बंदूकवाले आणावे लागतात, ते चाललंच आहे इथे.

रानभैरी: कुंपण राहू द्या बाजूला, माझा प्रश्न तसाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टास्मानिया बेटावर डिंगो कधी पोचलाच नाही म्हणतात. मग तिथला कांगारू कुत्रा बघून पाण्याकडे पळतो का? पळत असेल तर डिंगोमुळे कांगारूला पाण्यात शिरायची सवय लागली असं जे कोणी म्हणेल, ते बाद.

खडूस_काका: आता कसं बोललास. पण तिथे थायलासिन, म्हणजे पाठीवर पट्टे असलेला कुत्र्यासारखा शिकारी प्राणी होता हे विसरू नकोस, त्यातला शेवटचा होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात १९३६ ला मेला. म्हणजे तिथला कांगारू पण अगदीच निर्धास्त वाढलेला नाही.