मदत हवी आहे: २०५० ची ऊर्जामागणी, कोणता आकडा धरायचा?

कॉलेजच्या मुलांसाठी जागतिक ऊर्जामागणीवर व्याख्यान तयार करतोय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था २०२३ मध्ये म्हणाली, सध्याच्या धोरणांनुसार तेलाची मागणी २०३० आधीच शिखर गाठेल; तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या, ओपेकच्या २०२४ च्या अंदाजात २०५० ला रोज १२ कोटी पिंपं! दोन्हींची गृहीतकं वाचली, तेलातला फरक कळला. अडलंय एकूण ऊर्जेपाशी. कोळशाच्या वीजकेंद्रात जवळपास दोन तृतीयांश उष्णता वाया जाते, तरी प्राथमिक ऊर्जेत (म्हणजे रूपांतराआधीच्या मूळ इंधनातल्या ऊर्जेत) ती सगळी धरतात. सौर वीज मात्र बहुतेक अहवालांत जेवढी तयार होते तेवढीच धरतात. म्हणजे कोळशाच्या जागी सौर आली की विजेचा वापर तोच राहूनही प्राथमिक ऊर्जेची मागणी घटलेली दिसणार.

विकतचा डेटा परवडणार नाही, एक्सेल येतं. मुलांना प्राथमिक ऊर्जेचा आलेख दाखवू की अंतिम वापराचा (ग्राहकापर्यंत पोचलेल्या ऊर्जेचा)? आणि वेगवेगळे अहवाल एकाच आलेखावर आणताना सौर-पवन विजेचं प्राथमिक ऊर्जेत रूपांतर तुम्ही कसं करता?